इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बंद लोहखाणी कशा पाहाव्यात: सॉल्टबर्न ते पोर्ट मल्ग्रेव्ह

लीड्स, न्यूकॅसल, मिडल्सबरोकडचे आपले लोक सुट्टीला व्हिटबीला जातात आणि वाटेत 'ती जुनी लोखंडाची खाण' बघू म्हणून कुठेतरी गाडी थांबवतात. पुढचं ठरलेलं असतं. कुणी फोटो पाहून थेट पोर्ट मल्ग्रेव्हचा कडा उतरायला लागतं, कुणी पाणी चढत असताना स्टेथ्सच्या खडपांवर (ओहोटीत उघड्या पडणाऱ्या सपाट खडकांवर) निघतं, कुणी बोल्बीजवळची लाल माती बघून 'खाण सापडली' म्हणत परततं. सगळ्यांचं चुकतं ते क्रमात. आधी किनारा आणि मग नकाशा, असं केलं की धोका वाढतो आणि जे दिसतं त्याचा अर्थही लागत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका: घर, संग्रहालय, कड्यावरची वाट, पुळण, आणि खडप शेवटी.

हा पट्टा सुमारे पंधरा किलोमीटरचा आहे. तो एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका. पहिला दिवस सॉल्टबर्न आणि स्किनिंग्रोव्ह, दुसरा स्टेथ्स आणि पोर्ट मल्ग्रेव्ह.

## टप्पा १: दिवस निवडा, मग वेळ

हॉटेल, सुट्टी, हवामान हे सगळं नंतर. आधी व्हिटबीचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडा. या पट्ट्यासाठी तोच तक्ता चालतो.

कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी: पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. इथे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. स्टेथ्सच्या खडपावरच्या खुणा नीट उघड्या पडायला उधाणाची ओहोटीच हवी. सोयीची गोष्ट अशी की या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी सकाळी उशिरा येते, त्यामुळे दिवसाउजेडी काम होतं. भिंतीवर कालनिर्णय असेल तर कुठला शनिवार-रविवार धरायचा ते त्यावरून कळेल. वेळ मात्र तक्त्यातूनच घ्यायची.

आता ती एका तासाची चूक. काही तक्ते वर्षभर जीएमटीत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून अशा तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. ज्या ॲपने तो आधीच मिळवला आहे, त्यात पुन्हा मिळवला तर ओहोटी उलटून गेल्यावरही तुम्ही खडपावरच असता. ही चूक पहिलीपेक्षा वाईट. तक्त्याच्या वर किंवा तळाशी कुठली वेळ धरली आहे ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

ओहोटीनंतर पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाव उंची. साडेचार मीटरचा पाव म्हणजे मीटरभराहून जास्त, तेही एका तासात. 'आत्ता तर घोट्याएवढंच होतं' हे वाक्य अडकलेला प्रत्येक माणूस म्हणतो, ते यामुळेच.

तपासणी: कागदावर तीन वेळा लिहा: ओहोटीची, त्याआधी दोन तासांची, आणि परत फिरण्याची. परत फिरण्याची वेळ म्हणजे ओहोटीचीच वेळ. त्यानंतरचा प्रत्येक मिनिट उधारीचा.

## टप्पा २: जुना नकाशा नव्यावर ठेवा

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट बघता येतात. त्यात जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी शेजारी ठेवायची सोय आहे. पंचवीस इंची नकाशा निवडा, त्यावर ट्रॅमचे रूळसुद्धा काढलेले असतात. नंतर या गोष्टी हेरा:

- 'आयर्नस्टोन माइन' आणि 'लेव्हल': डोंगरात आडव्या शिरणाऱ्या खाणीची तोंडं.
- 'शाफ्ट', 'ओल्ड शाफ्ट', 'एअर शाफ्ट': उभ्या विहिरी. या जागांवर तांबडी फुली मारा. तिथे पाऊलवाट सोडून गवतात शिरायचं नाही.
- 'ट्रॅमवे': खनिज कुठून कुठे गेलं ते सांगणारी रेघ. आजच्या चित्रात ती झुडपांची सरळ ओळ किंवा उताराचा कापलेला पट्टा म्हणून दिसते.
- 'ॲलम वर्क्स': हे लोखंडाचं नाही, तुरटीचं.

शेवटची नोंद मुद्दाम केली, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. लॉफ्टस आणि बोल्बीच्या कड्यांवर तुरटीसाठी शेल हा मऊ, थराथरांचा खडक महिनोन्महिने ढीग लावून भाजत. भाजलेला शेल तांबडा होतो आणि गंजल्यासारखा दिसतो. मोठी उघडी खोदाई, पायऱ्यांसारखे कापलेले कडे आणि तांबडी भुसभुशीत खडी दिसली की ती तुरटीची खाण समजा. कड्यात दिसणारी लहान, माणूस वाकून शिरेल एवढी भोकं बऱ्याचदा जेट या काळ्या दागिन्यांच्या दगडासाठी पाडलेली असतात. तीही लोखंडाची नव्हेत.

छापील नकाशाही घ्या. स्टेथ्सच्या बाजूसाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २७. खाली किनाऱ्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

## टप्पा ३: पिशवीत काय

घोटा धरणारे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट. पांढऱ्या स्नीकर्सवर शेवाळलेल्या खडपात जाणं म्हणजे हाडवैद्याला बोलावणं. जुलैतही वारा अडवणारं जाकीट. हेल्मेट असेल तर स्टेथ्ससाठी बरोबर असू दे. शिट्टी, भरलेला पॉवर बँक, पाणी. दशम्या-चटणी उत्तम, कारण सॉल्टबर्न आणि स्टेथ्स सोडलं की वाटेत फारसं काही मिळत नाही.

एप्रिल ते जूनमध्ये समुद्रावरून अचानक धुकं येतं. आत गावात कडक ऊन असतं आणि कड्यावर दहा पावलांपुढचं दिसत नाही. असं झालं तर कड्याची वाट सोडून आतल्या रस्त्याला लागा.

गाडी नसेल तर सॉल्टबर्नपर्यंत मिडल्सबरोहून लोकल आगगाडी आहे आणि पुढे किनाऱ्याच्या गावांतून व्हिटबीकडे बस जाते. परतीची शेवटची बस आधी बघा.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्यासाठी टप्पा ४, टप्पा ६ मधली पुळण आणि टप्पा ८. टप्पा ७ त्यांच्यासाठी नाही, आणि कडेवर मूल घेऊन चालणाऱ्यासाठीही नाही.

## टप्पा ४: आधी स्किनिंग्रोव्हचं संग्रहालय

'लँड ऑफ आयर्न' हे संग्रहालय लॉफ्टस खाणीच्याच जागेवर आहे. ही खाण १८४८ मध्ये सुरू झाली आणि १९५८ मध्ये बंद पडली. वाटाड्याबरोबर हेल्मेट घालून जमिनीखालच्या भागात नेतात. या किनाऱ्यावर खाणीच्या आत जायची तुमची हौस इथेच फिटवून घ्या, बाहेर दुसरीकडे कुठेही नाही.

तिथे फोटो काढत बसण्यापेक्षा तीन गोष्टी डोळ्यांत साठवा. एक, लोहपाषाणाचा तुकडा. ताजा फुटलेला हा दगड करडा-हिरवट असतो, तांबडा नाही. हवा-पाणी लागल्यावर त्याच्यावर तपकिरी गंजाची साल चढते. हातात घेतला तर त्याच आकाराच्या शेलपेक्षा स्पष्ट जड लागतो. दोन, खोदायची पद्धत: दालनं खोदायची, मध्ये खडकाचे खांब ठेवायचे, आणि शेवटी जाताना ते खांबसुद्धा काढून न्यायचे. छत मागे कोसळू द्यायचं. बंद खाणीत शिरायचं का नाही, याचं निम्मं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. तीन, सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या खुणा. खडकात अर्ध्या नळीसारखी सरळ खाच दिसली की ती माणसाच्या हातची.

उरलेलं निम्मं उत्तर हवेत आहे. बंद बोगद्यात खनिज आणि कुजकं लाकूड प्राणवायू खाऊन टाकतात. मागे उरते ती हवा रंगहीन, वासहीन असते, आणि माणूस खोकायच्या आत कोसळतो. टॉर्च चांगला आहे म्हणून आत जाणाऱ्याला टॉर्च यात काहीच मदत करत नाही.

तपासणी: संग्रहालय हिवाळ्यात आणि आठवड्यातले काही दिवस बंद असतं. भूमिगत फेरीची वेळ आधी ठरवून मगच दिवसाची आखणी करा.

## टप्पा ५: हंटक्लिफच्या माथ्यावरून

सॉल्टबर्नच्या पुळणीपासून क्लीव्हलंड वे ही पाऊलवाट पूर्वेला कड्यावर चढते. समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहा. चढ सुरुवातीलाच आहे, नंतर वाट सपाट.

वाटेत मालगाडीचे रूळ कड्याच्या अगदी जवळ येतात. तिथेच, रुळांना लागून, हंटक्लिफ खाणीचं पंखाघर उभं आहे. १८७२ चं हे बांधकाम बिनछपराचं आहे, त्यामुळे बरेच जण त्याला पडकं घर समजून पुढे जातात. थांबा आणि समोरून नाही, बाजूने बघा. भिंतींमध्ये एक अरुंद, उंच फट आहे आणि तिच्या आत गोलाकार वळण. गिबाल पद्धतीचा प्रचंड पंखा त्या फटीत उभा फिरायचा, खाणीतली खराब हवा बोगद्यातून ओढायचा आणि वर रुंद होत जाणाऱ्या धुराड्यातून बाहेर टाकायचा. फटीची रुंदी म्हणजे जवळपास पंख्याची जाडी आणि वळणाची उंची म्हणजे जवळपास त्याचा व्यास. एवढं ध्यानात आलं की लोखंडाचा एकही तुकडा शिल्लक नसताना पंखा डोळ्यांपुढे उभा राहतो. माझ्या मते या सगळ्या पट्ट्यात पाहण्यासारखी ही एक वास्तू.

सावधान: भिंतीवर चढू नका आणि फोटोसाठी रूळ ओलांडू नका. त्यावरून अजून मालगाड्या जातात.

सावधान: 'येताना खालून, पाण्याच्या कडेने परत येऊ' हा बेत इथे करू नका. सॉल्टबर्न आणि पुढच्या कॅटर्स्टीच्या पुळणीमध्ये हंटक्लिफच्या पायथ्याशी वर यायला वाट नाही. भरतीत पाणी थेट कड्याला लागतं.

माथ्यावरून वायव्येला बघताना रेडकारची अवाढव्य भट्टी शोधत बसू नका. जुन्या फोटोंत ती दिसते. ती २०१५ मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये पाडली.

## टप्पा ६: कॅटर्स्टीची पुळण, स्लॅग आणि जेट्टी

वाट कॅटर्स्टीच्या पुळणीकडे उतरते. इथे 'लोखंडाचा कारखाना कुठे आहे?' असं विचारणाऱ्यांची निराशा होते, कारण झोतभट्ट्या (खनिज वितळवून लोखंड काढायच्या उंच भट्ट्या) केव्हाच गेल्या. वर कार्लिन हाउच्या पठारावर जो कारखाना दिसतो तिथे पोलाद लाटून खास आकाराचे भाग बनवतात. ती खाजगी जागा आहे, कुंपणाजवळ घुटमळू नका. (२००७ ते २०१६ या काळात तो टाटांकडे होता, त्यामुळे एखाद्या जमशेदपूरकराला हे नाव ओळखीचं वाटेल.)

भट्ट्या गेल्या, पण त्यांनी टाकलेलं गेलं नाही. जेट्टीच्या पश्चिमेला कड्याचा जो भाग विचित्र करडा आणि थराथरांचा दिसतो तो कडा नव्हेच. वरून ओतलेला स्लॅग, म्हणजे भट्टीत लोखंड काढल्यावर उरलेला वितळलेला मळ, थिजून तो तयार झाला आहे. खाली पडलेला तुकडा उचलून बघा. एका बाजूला काचेसारखी तुकतुकी, हिरवट किंवा निळसर झाक, आणि फुटलेल्या बाजूला अनारशासारखी जाळी. ती जाळी म्हणजे थिजताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे. लोहपाषाणात बुडबुडे कधीच नसतात. दोन्हींतला फरक सांगायला एवढी एक खूण पुरते.

स्लॅगच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. मुलांना अनवाणी सोडू नका. त्या कड्याखाली बसूही नका, तो नैसर्गिक कड्याइतकाच ढासळतो.

जेट्टी १८८० च्या दशकातली. कच्चं लोखंड बोटींत चढवायची ती जागा. समुद्राने तिचे लचके तोडले आहेत, तेव्हा बाजूने, पुळणीवरून बघा. तिच्यावर चालत टोकाला जायचा मोह आवरा.

स्किनिंग्रोव्हच्या ओढ्यात तळाला केशरी गाळ दिसेल. बंद खाणीत पाणी भरलं की ते पायराइट या खनिजातलं लोखंड विरघळवून बाहेर आणतं आणि हवा लागताच ते गंज होऊन खाली बसतं. सॉल्टबर्नजवळ असंच पाणी १९९९ मध्ये फुटून बाहेर आलं आणि पुढे त्यासाठी शुद्धीकरण केंद्र उभारावं लागलं. मुलांना या पाण्यात खेळू देऊ नका. कपड्यांवरचा डाग तर जातच नाही.

## टप्पा ७: स्टेथ्सहून ओल्ड नॅब, ओहोटीच्या वेळेवर

इथे टप्पा १ मधला कागद खिशातून काढा.

१. ओहोटीच्या दोन तास आधी स्टेथ्सच्या बंदराच्या पूर्व टोकाला या. पाणी उतरत आहे याची खात्री डोळ्यांनी करा: एखादा खडक हेरा, दहा मिनिटं थांबा, तो जास्त उघडा पडतो का बघा.

२. घरी किंवा गाडीत थांबणाऱ्या माणसाला परतीची वेळ सांगा. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर त्याने ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं, हेही सांगा.

३. पेनी नॅब या पहिल्या टोकाला वळसा घाला. परतीची सगळ्यात अडचणीची जागा हीच, इथलं पाणी आधी चढतं. जाताना मागे वळून तिचा एक फोटो काढा, येताना पातळी ताडायला उपयोगी पडतो.

४. कड्यापासून लांब, खडपाच्या बाहेरच्या अंगाने चाला. २०१८ मध्ये स्टेथ्सच्या किनाऱ्यावर वरून दगड कोसळून एका लहान मुलीचा जीव गेला. पाऊस पडून गेल्यावर आणि थंडीत बर्फ वितळताना दगड सुटतात. डबा खायचा तर उघड्या खडपावर, कड्याच्या सावलीत नाही.

५. ओल्ड नॅब हे पुढचं टोक एखादा किलोमीटर आहे, पण शेवाळामुळे वेळ दुप्पट धरा. पायाखाली शेलच्या काळ्या थरांमध्ये तपकिरी, टणक पट्टे दिसू लागले की ते लोहपाषाणाचे थर. मऊ शेल झिजतो, हे पट्टे पायरीसारखे उरतात.

६. ओल्ड नॅबच्या पायथ्याशी खाणीची तोंडं आहेत आणि त्यांच्यामध्ये ठेवलेले खडकाचे खांब. संग्रहालयात पाहिलेली पद्धत इथे बाहेरून वाचता येते. लांबूनच बघा. आत पाऊल नाही, 'फक्त सावलीपर्यंत' असंही नाही.

७. मग खाली बघा, कारण बहुतेक जण इथे वर बघत राहतात. खडपावर दोन समांतर खाचा पाण्याकडे गेलेल्या दिसतील. त्यांत समुद्राचं पाणी साठलेलं असतं, म्हणून तिरप्या उजेडात त्या चमकतात. मालाने भरलेल्या गाड्यांची चाकं घसरू नयेत म्हणून कोरलेल्या या चाकोऱ्या आहेत. त्या खाचांच्या दिशेने बोट दाखवा: बोटी कुठे लागत ते कळेल. जवळपास खडकात कापलेली खांबांची भोकंही शोधा.

तपासणी: ओहोटीची वेळ झाली की परत. खाचा अजून सापडल्या नसल्या तरी परत.

सावधान: 'पुढे पोर्ट मल्ग्रेव्हला वर चढू' असं धरून पुढे जाऊ नका. तिथली वाट भरवशाची नाही. ही फेरी जायचं त्याच वाटेने यायची आहे.

## टप्पा ८: पोर्ट मल्ग्रेव्ह, वरूनच

हिंडरवेल गावातून पोर्ट मल्ग्रेव्हपर्यंत रस्ता आहे. कड्याच्या माथ्यावरून खाली १८५० च्या दशकातल्या बंदराच्या मोडक्या भिंती दिसतात. इथून जहाजबांधणी करणाऱ्या पामर यांच्या, टाइन नदीकाठच्या जॅरोतल्या भट्ट्यांसाठी खनिज जायचं. पुढे आतल्या ग्रिंकल खाणीचं खनिज डोंगरातल्या बोगद्यातून थेट या धक्क्यावर आणलं गेलं.

खाली उतरायची वाट भूस्खलनाने वारंवार तुटते. दोर बांधलेला दिसला तर तो कुणी, कधी आणि कशाला बांधला हे तुम्हाला ठाऊक नसतं. बोगद्याचं तोंड बंद केलेलं आहे, त्यामुळे एवढं उतरून हाती लागतो तो एक बुजवलेला दरवाजा. दुर्बीण घ्या, ओहोटीच्या वेळी माथ्यावर बसा. बंदराची आखणी वरूनच जास्त नीट समजते.

## टप्पा ९: काय उचलायचं, काय टिपायचं

स्टेथ्स ते पोर्ट मल्ग्रेव्ह हा किनारा भूशास्त्रासाठी संरक्षित आहे. कड्यावर हातोडी चालवायची नाही. संरक्षित वास्तूंच्या जागी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर फिरवणं हा गुन्हा आहे. नाव कोरलेली भट्टीची वीट, रुळाचा तुकडा, गाडीचं चाक असं काही दिसलं तर जागेवरच ठेवा. जागेवरून हलवलं की त्याची अर्धी माहिती संपते.

प्रत्येक वस्तूचे दोन फोटो काढा: एक जवळून, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, आणि एक लांबून, मागे ओळखू येईल असा कडा किंवा जेट्टी घेऊन. नकाशावरचा ग्रिड क्रमांक आणि घड्याळाची वेळ लिहा. वेळ असली की पाण्याची पातळी नंतर तक्त्यावरून काढता येते. घरी आल्यावर ते ठिकाण जुन्या नकाशावर बसवा. तिथे ट्रॅमवे किंवा लेव्हल सापडली तर ओळख पक्की. नकाशावर काहीच नसेल आणि वस्तू तरी खाणीची वाटत असेल, तर दोन्ही फोटो आणि ग्रिड क्रमांक स्किनिंग्रोव्हच्या संग्रहालयाला ईमेलने पाठवा.